ताई, स्क्रू आवळू नकोस

चि. ताई,


परवा फोनवर तू विचारलंस, "काका, रायफलीच्या स्टॉकचा पुढचा स्क्रू अजून अर्धा फेरा आवळू का?" मी नुसतं "नको" म्हणालो. कारण विचारलंस तेव्हा मला धड सांगता आलं नाही, कारण ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहायला बसलो. एका मासिकाचे संपादक ओळखीचे आहेत. त्यांनी हे पत्र छापायला मागितलं आणि मी हो म्हणालो. मराठवाड्यातून रायफल शिकायला पुण्याला गेलेली तू काही एकटी नाहीस. ॲलन की तर प्रत्येकाच्या किटमध्ये असते, आणि ती हातात आली की हात शिवशिवतात.

तू सांगितलेली लक्षणं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. मे महिन्यात ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, छोटा येत होता. पाऊस लागला तसा तो पसरला. स्क्रू आवळल्यावर दोन दिवस बरं वाटलं, मग अख्खा ग्रुपच वर उजवीकडे सरकला. रायफल क्लबची, जुनी, जर्मन, .२२ ची, अक्रोडाच्या स्टॉकची. तुझे सर म्हणाले, पोझिशन तपास. बरोबरच म्हणाले. दोष बहुतेक वेळा नेमबाजातच असतो, आणि त्याच्यानंतर दारूगोळ्यात. गोळ्यांचा लॉट बदलला असेल तर आधी तो बघ. कंपनी एली असो की लापुआ, एकाच नावाच्या दोन डब्यांतला लॉट वेगळा असला की एकच रायफल एकावर खूश आणि दुसऱ्यावर नाराज असते. साइटचे स्क्रू ढिले नाहीत ना, तेही बघ. एवढं करूनही तुझ्या सांगण्यातली एक गोष्ट उरतेच. स्क्रू आवळल्यावर फरक पडला. पोझिशनला स्टॉकचा स्क्रू कळत नाही. म्हणजे ॲक्शन आणि स्टॉक यांचं काहीतरी बिनसलेलं आहे.

रायफल म्हणजे शेवटी दोन वस्तू. एक लोखंडी: बॅरल, तिच्या मागे बसवलेली ॲक्शन, ॲक्शनमध्ये मागेपुढे जाणारा बोल्ट. दुसरी लाकडाची: ज्याला आपण गाल लावतो, खांदा देतो, तो स्टॉक. लोखंड लाकडाच्या खाचेत बसतं आणि खालून दोन स्क्रू त्याला धरून ठेवतात. या बसण्याला आम्ही बेडिंग म्हणायचो. गोळी उडाली की लोखंड मागे ढकललं जातं, थरथरतं आणि परत जागेवर येतं. बेडिंगचं काम एकच: ते दर वेळी त्याच जागेवर यावं आणि तिथं कुणी त्याला वाकवू नये.

आपलं घर सुताराचं, हे तुला सांगायला नको. तुझ्या पणजोबांच्या हातच्या तिफणी गंगाखेडच्या पंचक्रोशीत चालायच्या. कुऱ्हाडीला दांडा बसवताना ते शेवटी एक पाचर ठोकायचे आणि लोखंड लाकडाला चावलं की मान डोलवायचे. पाचर जितकी खोल तितकी कुऱ्हाड पक्की. रायफलीचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे, आणि सुताराच्या पोराला तो पचायला वेळ लागतो. मी फौजेच्या ईएमईत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, म्हणून सिकंदराबादला शिकायला गेलो तेव्हा मलाही लागला. आपल्याकडं मापं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिथं माप थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. एका सुतात एकशे पंचवीस थाऊ बसतात. ताई, तुझं सगळं दुखणं दोन-चार थाऊंचं आहे.

दोन-चार थाऊंनी काय होतं, तेही हिशेब करून बघ. तुझी बॅरल सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या तोंडाचा रोख समज एक दशांश मिलीमीटर हलला. थाऊत सांगायचं तर चार. पन्नास मीटरवर तो फरक सात मिलीमीटर होतो. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचं, म्हणजे मधल्या बिंदूपासून काठ ५.२ वर. गोळी ५.६ मिलीमीटरची, आणि तिची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य आठ मिलीमीटरपर्यंत सरकला तरी चालतो. बरोबर मधोमध लागणारी गोळी सात मिलीमीटर सरकली तर दहातच राहील, पण काठाला लटकून. मग तुझ्या श्वासाला, नाडीला, वाऱ्याला वाटून द्यायला एक मिलीमीटरसुद्धा उरत नाही. रायफलीनं सगळी उधळपट्टी आधीच करून टाकलेली असते.

आता लोखंड वाकतं कसं? पोलादाची ॲक्शन आणि एवढासा स्क्रू, असं तुला वाटत असेल. खाचेचा तळ सपाट नसला, मध्ये एखादा उंचवटा असला, तर ॲक्शन त्या उंचवट्यावर टेकते आणि दोन टोकांचे स्क्रू तिला खाली ओढतात. धनुष्याला दोरी लावावी तशी ती ताणली जाते. डोळ्याला काही दिसत नाही, पण बोल्टची चाल जरा जड होते. कधी दोन्ही स्क्रू आवळल्यावर बोल्ट खरखरतो आणि ढिले केल्यावर लोण्यासारखा फिरतो. हे तू स्वतः करून बघितलं नसशील. बघ.

हे उंचवटे शोधायला आम्हाला मोठं यंत्र नव्हतं. होती ती काजळी. दिव्याची काजळी तेलात खलायची, ॲक्शनच्या पोटाला बोटानं पातळ पुसायची, ॲक्शन खाचेत सरळ खाली सोडायची, स्क्रू हलके लावायचे आणि सरळ वर उचलायची. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं लोखंड टेकतंय. पहिल्या वेळी दोन-तीन ठिपके उमटतात, बस. ते पटाशीच्या धारेनं खरवडायचे. कापायचं नाही, खरवडायचं, नखानं साय काढावी इतकंच. परत काजळी, परत बसवणं, परत उचलणं. हळूहळू ठिपक्यांचे डाग होतात, डागांचा पट्टा होतो. पट्टा सगळीकडं सारखा काळा दिसला की थांबायचं. घाईचा माणूस इथं एक साल जास्त काढतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आमचे शिकवणारे हवालदार साहेब आमच्या पटाशीकडं बघायचेच नाहीत, खाली पडलेला भुसा बघायचे. भुशात ढलपी दिसली की तो स्टॉक बाजूला.

तेव्हा आमच्या हाताखाली .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफली असायच्या. पश्चिम बंगालमधला इशापूरचा रायफल कारखाना १९०४ पासूनचा. आपल्या भागात परवानेवाल्यांकडं दिसते ती .३१५ ची स्पोर्टिंग रायफल तिथलीच, आणि तिची घडण त्याच ली-एनफिल्डच्या घराण्यातली. तिचा स्टॉक एकसंध नसतो. मागचा दस्ता वेगळा, पुढचं लाकूड वेगळं. गोळीचा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला, आत दोन्ही बाजूंना असलेल्या दोन छोट्या टेकूंवर येतो. दोन्ही टेकू सारखे टेकले पाहिजेत. डावा टेकला आणि उजव्यात कागद जाईल इतकी फट राहिली, तर रायफल प्रत्येक गोळीला एका बाजूला मान टाकते. माणूस बिचारा साइट फिरवत बसतो. वर्षानुवर्षं तेल मुरून तिथलं लाकूड मऊ पडलेलं असतं आणि धक्क्यानं चेपत जातं. म्हणून सांगतो, बॅरलला तेल दिल्यावर रायफल दस्त्यावर उभी करून ठेवू नकोस. सगळं तेल ओघळून ॲक्शनखालच्या लाकडात जातं. लाकडाला द्यायचं तेल वेगळं. फौजेत आम्ही जवसाचं द्यायचो. घरी जवसाची चटणी खाऊन वाढलेल्या मला स्टोअरमधला तो वास आला की भाकरी आठवायची, ते असो.

त्या .३०३ मध्ये अजून एक छोटीशी चीज असते, तिच्यावर माझा फार जीव. पुढच्या स्क्रूभोवती एक धातूची नळकांडी, कॉलर. ट्रिगर गार्ड आणि ॲक्शन यांच्या मधोमध ती उभी. लाकूड चेपलं जाण्याआधी स्क्रूचा जोर तिच्यावर येतो. लाकडाला चिमटीत धरायचं, चिरडायचं नाही, एवढी अक्कल त्या एका नळकांडीत आहे. लाकूड आकसलं की ती तुलनेनं लांब ठरते, मग स्क्रू कितीही फिरवला तरी ॲक्शन ढिलीच. अशा वेळी आर्मरर स्क्रू आवळत नाही, कॉलर कानशीनं घासतो. आजच्या बंदुकांत ॲल्युमिनियमचे पिलर घालतात, ते याच कॉलरचे नातू.

आता तुझ्या पावसाचं. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही. रेषांना आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. आपल्या गोदाकाठच्या घराच्या दाराचं बघ. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत त्याच्या फळ्यांतून उजेड येतो आणि श्रावणात तेच दार खांदा लावल्याशिवाय लागत नाही. तुझा स्टॉकही झाडाचाच. उन्हाळ्यात सुकलेल्या लाकडावर कुणीतरी स्क्रू बसवले, पावसात लाकूड फुगलं, स्क्रूचा ताण वाढला, खाचेच्या कडा ॲक्शनला कुशीत चावायला लागल्या. त्यावर तू अजून आवळलंस, म्हणजे फुगलेलं लाकूड चेपलंस. चेपलेलं लाकूड दोन दिवसांत बसलं आणि ताण पुन्हा बदलला. ग्रुप सरकायला अजून काय पाहिजे?

म्हणून आधी माप घे, मग उपाय. बोल्ट बाहेर काढ, चेंबर रिकामं आहे हे स्वतः बघ आणि सरांनाही दाखव. आधी एक साध्या कागदाची पट्टी बॅरल आणि पुढच्या लाकडाच्या मधून घालून ॲक्शनपर्यंत ओढत ने. बॅरल मोकळी ठेवायची बनावट असेल तर पट्टी कुठंही अडता कामा नये. अडली तर तिथं पेन्सिलीनं खूण कर. मग डायल गेज लाव. तुमच्या बालेवाडीच्या रेंजवर कुणाकडं नसेल तर लेथवाल्याकडं नक्की असतं. रायफल दस्त्यावर उभी, गेजचा चुंबकी पाय बॅरलवर, काट्याचं टोक पुढच्या लाकडाच्या शेंड्यावर. दोन्ही स्क्रू ठरलेल्या ताणाला लावलेले. आता फक्त पुढचा स्क्रू हळूहळू ढिला कर आणि काट्याकडं बघ. परत लाव. मग मागचा ढिला कर. काटा दोन थाऊंच्या आत राहिला तर बेडिंगला दोष देऊ नकोस, दुसरीकडं शोध. पाचाच्या पुढं गेला तर ॲक्शन वाकून बसलेली आहे. तुझा आकडा किती येईल ते मी इथून सांगू शकत नाही, पण दोनाच्या आत आला तर मला नवल वाटेल.

ठरलेला ताण म्हणजे हाताचा अंदाज नव्हे. टॉर्क रेंच आणायचा. अशा .२२ मॅच रायफलींना साधारण पाच न्यूटन-मीटरच्या आसपास सांगतात. तुझ्या रायफलीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो प्रमाण. आधी रायफल उभी करून ॲक्शन मागे नीट टेकू दे, मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे, मग शेवटचा ताण. हे दर वेळी एकाच क्रमानं. आकडा वहीत लिही आणि त्यापुढं हवा कशी होती तेही.

दोष निघालाच तर हल्ली काजळी आणि पटाशीवर कुणी महिनाभर बसत नाही. इपॉक्सीनं बेडिंग करतात आणि मला ते मान्य आहे. जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. ॲक्शनखालचं दोन-तीन मिलीमीटर लाकूड काढतात, स्क्रूभोवती पिलर बसवतात, धातू चिकटू नये म्हणून त्याला मेणासारखा थर देतात, भोकांत मऊ माती भरतात आणि धातूची पूड मिसळलेली इपॉक्सी ओतून ॲक्शन तिच्यात बसवतात. घट्ट झाल्यावर तळ ॲक्शनच्या पोटाचा हुबेहूब साचा होतो. लाकूड फुगलं तरी ॲक्शनखालचा तळ तितका हलत नाही. कारागिराला दोनच गोष्टी विचार. इपॉक्सी सुकताना स्क्रू आवळणार का? "हो, चांगले आवळतो" म्हणाला तर रायफल उचल आणि परत ये. तेव्हा आवळलं तर वाकलेल्या ॲक्शनचाच साचा निघेल, म्हणजे रोग कायमचा छापला. ॲक्शन आपल्या वजनानं, फार तर रबरी पट्टीनं बसली पाहिजे. दुसरं, काम कोणत्या हवेत करणार? उन्हाळ्यात इपॉक्सी पटकन गोठते. दहा अंश तापमान वाढलं की साधारण निम्म्या वेळात. दुपारी पत्र्याखाली मिसळली तर ॲक्शन बसवेपर्यंत दगड झालेली असते. आपल्याकडच्या एकानं असं केलेलं मी पाहिलंय. ती ॲक्शन बाहेर काढताना स्टॉकचे दोन तुकडे झाले.

आणि हे काम गल्लीतल्या फर्निचरवाल्याकडं नको, माझ्याकडंही नको. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. मी निवृत्त माणूस, माझ्याकडं तो नाही. तू दहा मीटरवर शिकलीस ती ४.५ मिलीमीटरची एअर रायफल परवान्याशिवाय चालायची; .२२ ची गोष्ट वेगळी. रायफल क्लबच्या नावावर आहे, तर क्लबमार्फत परवानाधारक गनस्मिथकडंच जाऊ दे.

हे वाचून तू म्हणशील, मग काका, ॲल्युमिनियमच्या स्टॉकची रायफलच घ्यायला हवी. मोठे खेळाडू बहुतेक तसलेच वापरतात, खरं आहे. तिथं पावसात फुगणारं लाकूड नाही, धातूवर धातू बसतो. पण स्क्रूचा ताण तिथंही मोजूनच देतात. आणि नुसत्या स्टॉकनं मेडल येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, ६०० पैकी ५९७. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५९० गुणांनी सातव्या क्रमांकावर फायनलला गेला आणि १ ऑगस्टला ४५१.४ गुणांनी कांस्य घेऊन आला. तुझाच प्रकार, पन्नास मीटर थ्री पोझिशन. त्यात भारताला ऑलिम्पिक पदक त्याआधी कधीच नव्हतं. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण सोडणाऱ्या माणसाला आपल्या रायफलीवर शंका घ्यावी लागत नाही, म्हणून तो सगळं लक्ष श्वासावर ठेवू शकतो. बेडिंगचा उपयोग तेवढाच. ते गुण देत नाही. तुझे गुण खात नाही, इतकंच.

कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आला. तालुक्याच्या गावातली पोरं यायला लागली आहेत. पण आपल्या जिल्ह्यांत रायफल येते, दारूगोळा येतो, आणि तिची नाडी बघणारा माणूस मात्र येत नाही. एक टॉर्क रेंच, एक डायल गेज आणि ते वापरायला शिकलेला एक जण, एवढं प्रत्येक रेंजवर असावं. चांगल्या मॅच गोळ्यांच्या थोड्या डब्यांच्या किमतीत दोन्ही अवजारं येतात. फौजेतून आणि पोलिसांतून निवृत्त झालेले आर्मरर परभणी, नांदेड, लातूरमध्ये सापडतील. त्यांना परवाना मिळवून द्यायला आणि आठवड्यातून एक दिवस बोलवायला संघटनांनी मनावर घ्यावं. हे छापून येईल तेव्हा ते वाचणाऱ्यांनीही मनावर घ्यावं.

तू मात्र सध्या ॲलन की सरांकडं देऊन टाक. डायल गेजचे दोन आकडे घे, पुढच्या स्क्रूचा वेगळा, मागच्याचा वेगळा, आणि मला कळव.

तुझा,
काका
गंगाखेड